जुनी एसयूव्ही घ्यायची, मागे ट्रेलर लावायचा, तर आधी धर्मकाट्यावर चला

प्रश्न वरूडच्या एका संत्रा बागायतदाराचा आहे. थोडक्यात असा: बजेट साडेसहा लाख. घरात पाच माणसं, म्हणजे स्वतः, बायको, दोन शाळकरी मुलं आणि आई. वर्षातून तीन-चारदा सगळा संसार गाडीत टाकून लांब जायचं. मेळघाट, भामरागड, बस्तर आणि जमलं तर एकदा स्पिती. तंबूसकट साडेचारशे किलोचा दोन चाकी ट्रेलर बनवून घेतलेला आहे, हंगामात त्यातच क्रेट आणि फवारणीची टाकी न्यायची आहे. तीन गाड्या पाहून ठेवल्यात: दिल्लीहून आलेली २०१२ ची फॉर्च्युनर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), चंद्रपूरची २०१५ ची स्कॉर्पिओ एस-१० फोर बाय फोर आणि अमरावतीच्या एका निवृत्त प्राध्यापकांची २०१३ ची सफारी स्टॉर्म, टू व्हील ड्राइव्ह. यातली कोणती घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी किती चालली, रंग कोणता, टचस्क्रीन आहे की नाही, सगळं लिहिलंत. एकच गोष्ट राहिली, गाडीत आणि गाडीमागे मिळून वजन किती होणार. हिंगणघाटला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे, चोवीस वर्षं झाली. टोचन करून आणलेल्या मोठ्या जुन्या गाड्या मी कमी पाहिल्या नाहीत. इंजिनात ताकद नव्हती म्हणून अडकलेली गाडी त्यांत क्वचितच असते. वजन जास्त झालं, मग इंजिन तापलं, नाहीतर क्लच जळला, नाहीतर ब्रेक ढिले पडले, हीच बहुतेकांची कहाणी.

तर आधी बेरीज करू. पाच जणांचे २५० किलो धरतो, मुलं लहान आहेत म्हणून. कपडे-अंथरूण ८०. पिण्याचं पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. शेगडी, लहान सिलिंडर, भांडी, शिधा २५. छतावरचं कॅरियर आणि त्यावर ताडपत्री, खुर्च्या मिळून ६०. दुसरी स्टेपनी, जॅक, हत्यारं ४५. आणि ट्रेलरचं नाक हुकावर जेवढं दाबतं ते, ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५. झाले ५४५ किलो. हे शेवटचे ४५ कोणीच मोजत नाही. ट्रेलरचं वजन ट्रेलरच्या चाकांवर आहे, गाडीला त्याचं काय, असं वाटतं. पण ते ४५ किलो मागच्या बंपरच्याही मागे लटकतात, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवर ४५ पेक्षा जास्त येतात आणि पुढची चाकं तेवढी हलकी होतात. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक, दोन्ही पुढच्याच चाकांवर आहेत हे लक्षात घ्या.

आता तुमच्या गाडीला किती चालतं ते कसं कळणार? दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन असतं. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं. पण त्या रिकाम्या वजनावर विश्वास ठेवू नका. मालकाने पुढे लोखंडी गार्ड लावलेला असतो, खाली जाड पत्रा, मागे डबल बॅटरी आणि भला मोठा स्पीकर. आमच्याकडे जिनिंगचे काटे आहेत, तुमच्याकडे मंडीचा काटा असेलच. सौदा पक्का करायच्या आधी गाडी धर्मकाट्यावर नेऊन दोन पावत्या घ्या, एक अख्ख्या गाडीची आणि एक फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. घेतल्यावर सगळं सामान आणि माणसं भरून पुन्हा तेच करा. माझ्या ओळखीत हे करणारे फार नाहीत, आणि जे करतात ते दुसऱ्यांदा काट्यावरून परतल्यावर छतावरचं कॅरियर काढून टाकतात.

ट्रेलरच्या नाकाचं वजन घरीच मोजता येतं. माणसं जोखायचा काटा घ्या, त्यावर हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा ठेवा, नाक टेकवा. फार कमी आलं तर सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे सरकवा. नाक हलकं राहिलेला ट्रेलर साठ-सत्तरच्या वेगाला डुलायला लागतो आणि डुलता डुलता गाडीची शेपूटही हलवतो. असं झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने उलटा झटकाही द्यायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीला आपोआप मंद होऊ द्या. आणि फवारणीची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी टाकी म्हणजे ट्रेलरमध्ये एक बैल मोकळा सोडल्यासारखं आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ मध्ये माझ्याच जुन्या बोलेरोच्या मागे पाचशे लिटरची टाकी निम्मी भरून वर्ध्याहून येत होतो. हुक माझ्या एका मित्राने मागच्या पट्टीला वेल्डिंग करून दिला होता. दिसायला दणकट, हत्तीही ओढेल असा. खड्ड्यात दणका बसला, वेल्डिंगच्या कडेने पत्रा फाटला आणि आरशात पाहतो तर ट्रेलर एकटाच तुरीच्या वावरात चालला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. सुरक्षा साखळी लावलेली नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: हुक चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही लांब बीमना नट-बोल्टने बसलेला हवा, बंपरला नाही, मधल्या पातळ पट्टीलाही नाही. दोन साखळ्या नाकाखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे हुक सुटला तरी नाक साखळ्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलरच्या लाइटची वायर मागच्या दिव्याच्या वायरला सोलून जोडू नका; वेगळी वायर, रिले आणि फ्यूज टाका. नव्या गाड्यांत त्या एका जोडामुळे डॅशबोर्डवर दिवाळी होते.

कागदाचंही सांगून टाकतो, कारण तुम्ही विचारलं नाही. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, नंबर लागतो. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायचा तर कलम ५२ आडवं येतं. गावातल्या गावात कोणी अडवत नाही, हे खरं. पण समृद्धीवर किंवा राज्याच्या सीमेवर अपघात झाला, तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी ट्रेलरच पाहील. तुमच्या आरटीओत जाऊन त्या ट्रेलरचं काय होऊ शकतं ते विचारा. आणि गाडीचं मालकपुस्तक उघडून ओढण्याबद्दल कंपनी काय म्हणते ते वाचा. काही कंपन्या 'ओढू नका' असंच छापतात, मग गाडी कितीही दणकट असो.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहितो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना इंजिनाची परीक्षा होते, असं लोक समजतात. चढताना फार तर गाडी हळू जाते. परीक्षा उतरताना आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे. तिथून खाली येताना पाच माणसं, सामान आणि बिनब्रेकचा साडेचारशे किलोचा ट्रेलर, हे सगळं तुमच्या चार ब्रेकांवर असतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना ड्रायव्हरांचा नियम इथे अक्षरशः पाळायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो, पॅडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळतं आणि पॅडल मऊ होऊन तळाला जातं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदलायलाच हवं. जुनी गाडी घेतली की पहिल्याच दिवशी बदला, मालक काहीही सांगो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवता आले तर उत्तम. धक्क्याने लागणारे यांत्रिक ब्रेक असतात, गाडी मंदावली की ट्रेलरचं नाक पुढे दबतं आणि त्याचे ब्रेक लागतात.

आता फोर बाय फोर. तुम्ही दोन फोर बाय फोर पाहिल्या, म्हणजे ते मनात आहे. मीही त्याच मोहातून गेलोय. पण आपली काळी माती फोर बाय फोरला विचारत नाही. ऑगस्टमध्ये पांदण रस्त्यावर गाडी घातली की चारही टायरांच्या खाचा मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतात आणि मग दोन चाकं घसरण्याऐवजी चार घसरतात, एवढाच फरक. माती चाकाच्या कमानीत साचून चाक जाम होतं ते वेगळंच. तिथे उपाय एकच, दोन दिवस ऊन पडू द्या. भामरागडलाही पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. तिथे गाडीला चार चाकांची ताकद असली काय नि दोनची, अलीकडेच थांबायचं असतं. पुलावरून पाणी वाहतंय आणि समोर एसयूव्हीवाला 'निघून जाते' म्हणतोय, हे पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

फोर बाय फोर खरं कामाला येतं ते वाळूत, नदीच्या कोरड्या पात्रात, ओल्या गवताच्या चढावर आणि लो गिअरमुळे. लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर, हे त्याचं सोनं आहे. सुटलेल्या दगडांच्या चढावर ट्रेलर ओढायचा तर लो रेंजमध्ये क्लच न जाळता मुंगीच्या पावलांनी जाता येतं. तुम्ही नेहमी असल्याच जागी जाणार असाल तर घ्या. तुमच्या यादीत मला तसं स्पिती सोडून फार काही दिसत नाही, आणि उन्हाळ्यात स्पितीला साध्या टू व्हील गाड्याही जाऊन येतात.

राहिला मॉडेलचा विषय. यात माझं मत उघड आहे, आणि त्यात गॅरेजवाल्याचा स्वार्थही आहे: जिचा पार्ट मला दुपारच्या बसने नागपूरहून मागवता येतो ती गाडी चांगली. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपूरला आहे, गावोगावचे मिस्त्री त्याच कंपनीच्या यंत्रांवर हात बसवून मोठे झालेत. म्हणून आलापल्लीला क्लच प्लेट गेली तर बोलेरो-स्कॉर्पिओची प्लेट आणि ती बसवणारा माणूस, दोन्ही मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बोलेरो मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर असते, वजन सहन करते, पण अडीच लिटरची जुनी बोलेरो ६३ अश्वशक्तीची. ट्रेलर लावून हायवेला ट्रकच्या मागे रांगेत राहायची तयारी हवी. स्कॉर्पिओला २००९ च्या सुमारास २.२ लिटरचं एमहॉक इंजिन आलं, २०१४ मध्ये चेसीही नवी आली. २०१४ नंतरची असेल तर माझी पसंती तिला. १२० अश्वशक्ती आणि २८० न्यूटन मीटर टॉर्क, तोही १८०० आरपीएमपासून. एवढा ट्रेलर तिला भारी नाही. उंच आहे, वळणावर झुकते, म्हणून छतावर ओझं नको. जुनी थार फोर बाय फोर आवडत असली तरी लांबीने आखूड गाडी ट्रेलरसोबत जास्त डुलते आणि पाच माणसांचं सामान तिच्यात मावत नाही.

सफारी स्टॉर्म बसायला सगळ्यात आरामशीर. दोन टनांच्या आसपासची जड गाडी, १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन मीटर. ओढणारी गाडी ओझ्यापेक्षा जितकी जड तितकं चांगलं, या हिशेबाने ती शांत ओढते. पण तिचं उत्पादन बंद होऊन काही वर्षं झाली. इंजिनाचे पार्ट मिळतात. दाराचं लॉक, पॉवर विंडोचं स्विच, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी फिरावं लागतं. एंडेव्हर मला ओढायला फार आवडायची, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं आणि साडेसहा लाखांत मिळणाऱ्या एंडेव्हरच्या मागे पार्टसाठी फोन करत बसायला तुमच्याकडे वेळ आहे का ते बघा. डस्टरसारख्या गाड्यांना वेगळी चेसीच नसते, बॉडी हाच सांगाडा. चालवायला गोड, खराब रस्त्यावर झकास, पण हुक बसवायला मला त्यात हवी तशी जागा सापडत नाही. आणि खरं विचाराल तर जुनी इनोव्हा एसयूव्ही नसूनही या कामाला बऱ्याच एसयूव्हींपेक्षा बरी. चेसीवरची गाडी, मागच्या चाकांवर ताकद. फक्त अडीच लिटरच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बजेटचा मोठा घास एका दिवसात जातो.

२०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्या तुमच्या बजेटात येत नाहीत, तेही एका परीने बरंच. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी हायवेला सलग पळावी लागते. रोज बाग ते घर चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती तुंबते.

गाडी पाहायला कसं जायचं ते सांगतो. सकाळी सहाला जा, आणि आदल्या रात्री मालकाला सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं, धूर कसला येतो, यात निम्मं पुराण कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असेल, नाहीतर इंजेक्टरचा दोष. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा ढग निघाला तर हवा कमी पडतेय, टर्बोचा पाइप फाटलेला असू शकतो. मग इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायचं झाकण उघडा. थोडा वाफारा चालतो. झाकण हातातून उडवेल असा भपकारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

मग रेडिएटर. आमच्या भागात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी आणि जिनिंग सुरू झालं की हवेत तंतू उडतात. ते एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात, वर धूळ चिकटते आणि गोधडीसारखा थर तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च घेऊन वरून, दोघांच्या मध्ये पाहा. गाडी अकोला, बुलढाणा किंवा अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातली असेल तर झाकण उघडून, अर्थात थंड असताना, आतही पाहा. मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकलं असेल तर आत पांढरा क्षार जमलेला दिसतो. असा रेडिएटर हिवाळ्यात कुरकुर करत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, एसी चालू आणि मागे ट्रेलर असताना, तो तुमचा घात करतो. म्हणून शक्य असेल तर गाडी दुपारी दोनला पुन्हा चालवा, मग एसी लावून पंचवीस मिनिटं जागेवर उभी ठेवा आणि तापमानाचा काटा पाहत बसा. एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं, "भाऊ, काटा थोडा वर जाते, पण गाडीले काही होत नाही." त्याच्या इंजिनाचं हेड आठवड्याभरात उतरवलं.

गाडीखाली झोपा. जुनी चादर सोबत न्या, लाज वाटून घेऊ नका. चेसीच्या बीमवर हात फिरवत जा. नवा काळा रंग, वेल्डिंगची शिवण, हातोड्याच्या खुणा, यांतलं काहीही दिसलं तर उठा आणि घरी या. आपल्याकडे समुद्र नाही, गंज कमी. म्हणून खाली जास्त गंज दिसला तर गाडी बाहेरची आहे समजा. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ ला चिपळूणला पूर आला, आणि अशा बुडालेल्या गाड्या स्वच्छ होऊन पूर न आलेल्या गावांत विकल्या जातात. कार्पेटचा कोपरा उचला, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचा शेवटचा वीतभर भाग पाहा. तिथला गाळ कोणी धूत नाही.

फोर बाय फोर असेल तर तपासणी डांबरावर करू नका, त्याने यंत्रणेला पीळ पडतो. वावराच्या कडेला भुसभुशीत मातीत न्या, एक माणूस बाहेर उभा करा आणि पुढची चाकं खरंच माती उडवतात का ते त्याला पाहू द्या. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागतो आणि पुढचा हब (चाकाला अ‍ॅक्सलशी जोडणारा भाग) पकडतच नाही, अशा गाड्या मी पाहिल्यात. लो रेंजही लावून पाहा. वर्षानुवर्षं न वापरल्याने ती जाम झालेली असते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१७ म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. खाचा कितीही खोल असोत, असा टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर मी नेणार नाही.

आता तुमच्या तीन गाड्या.

दिल्लीची फॉर्च्युनर आधी बाजूला ठेवा. गाडी वाईट नाही. तीन लिटरचं इंजिन, ३४३ न्यूटन मीटर, तुमचा ट्रेलर तिला जाणवणारही नाही. पण ती स्वस्त का आहे ते समजून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिथल्या गाड्या आपल्याकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी, बँकेचं कर्ज फिटल्याचा कागद, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि मग नवा नंबर, हे सगळं तुमच्या डोक्यावर. २०१२ ची म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं पूर्ण. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी तोच फेरा. वर तिचे इंजेक्टर आणि ब्रेकचे पार्ट घेताना कळेल की गाडी साडेसहा लाखांची झाली तरी पार्ट पंचवीस लाखांच्या गाडीचेच आहेत.

चंद्रपूरची स्कॉर्पिओ कागदावर तुमच्यासाठी सगळ्यात योग्य. पण एमएच-३४ पाहिलं की मी एक प्रश्न हमखास विचारतो: कोळसा खाणीवर चालली का? ठेकेदाराकडची गाडी दिवसभर धुळीत, खड्ड्यांत, चालू ठेवून उभी असते. मीटरवर ऐंशी हजार दिसतात आणि इंजिन चाललेलं असतं त्याच्या दुप्पट. एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या पाइपात बोट फिरवा. काळी पूड लागली तर धूळ आत गेली आहे, टर्बो आणि रिंगा दोन्ही खाल्लेल्या असणार. आसनांखालच्या रुळांत कोळशाची भुकटी अडकलेली असते, तीही पाहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर जुन्या सर्व्हिसची नोंद काढा. किलोमीटर मागे फिरवले असतील तर तिथे उघडं पडतं. हे सगळं स्वच्छ निघालं, हबही पकडले, तर ती घ्या.

नाही निघालं, तर प्राध्यापकांची स्टॉर्म. टू व्हील आहे म्हणून तुम्ही तिला तिसऱ्या नंबरवर ठेवलंय. एकाच हातात राहिलेली, पावत्या फाइलला लावून ठेवणाऱ्या माणसाची गाडी आणि तुमच्या बजेटापेक्षा बरीच खाली. फोर बाय फोरचा जो पैसा वाचेल त्यात चार नवे टायर, ब्रेक, क्लच, सगळी ऑइलं, रेडिएटर, टायमिंगचं काम आणि ट्रेलरचे ब्रेक होऊन जातील. तसंही कोणतीही जुनी गाडी घ्या, साडेसहातले एक लाख तरी हातात राखून ठेवा, किमतीत घालवू नका. फक्त एक पाहा, ती गाडी वर्षभर शेडमध्ये उभी होती का. उभ्या गाडीचे सील सुकतात, डिझेल टाकीत पाणी साचतं, उंदीर वायरी कुरतडतात.

हुक मात्र लगेच बसवू नका. पहिले सहा महिने ट्रेलरशिवाय चालवा. एकदा मेळघाट, एकदा मे महिन्यात चंद्रपूर. या दोन फेऱ्यांत तापमानाचा काटा कुठे राहतो, ऑइल किती कमी होतं, उतारावर पॅडल कसं लागतं, ते वहीत लिहून ठेवा. मग वही आणि धर्मकाट्याच्या सगळ्या पावत्या घेऊन या, बीमला भोकं पाडायची की नाही ते बघू. आणि येताना आईंना सोबत आणा. स्कॉर्पिओ असो की स्टॉर्म, दोन्ही उंच आहेत. त्यांचा पाय कुठपर्यंत पोचतो ते पाहून बाजूची पायरी बसवावी लागेल, आणि तिचेही वीस किलो त्या बेरजेत धरायचे आहेत.